सातवं पान

(वडिलांची भाड्याची खोली, अर्धी रिकामी झालेली. मोठी बहीण खोकी बांधते आहे. धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे ढब्बू म्हणतात, खिडकीपाशी जमिनीवर बसला आहे.)

ताई: हे कितवं?

ढब्बू: पाचवं.

ताई: पाच! अरे, बाबांना जाऊन दोन महिने नाही झाले आणि तू नाणी जमवायची पाच किटं आणून बसलास? मी इथे एकेक वस्तू बाहेर काढतेय आणि तू एकेक आत आणतोयस. अशानं रिकामी होणार आहे ही खोली?

ढब्बू: जुनं आहे. आपल्या किटाच्याच वेळचं. कुणाच्या तरी माळ्यावर पडून होतं.

ताई: असतं काय एवढं त्यात?

ढब्बू: तेच. गोल खाचांचा निळा अल्बम. भिंग. चिमटा. पांढरे हातमोजे. पुस्तिका.

ताई: आणि वास कसला घेतोयस?

ढब्बू: डिंकाचा. आपल्या किटालाही हाच होता.

ताई: मग? आठवलं काही?

ढब्बू: नाही. वास आला फक्त.

ताई: ढब्बू, तुझी बायको काल फोनवर सांगत होती. उठतो, जेवतो, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जातो, परत येतो. तोंडातून शब्द नाही. रडलास का रे एकदा तरी?

ढब्बू: नाही.

ताई: माणसानं रडावं. मी तर भाजीवाल्यासमोर रडले. बिचाऱ्यानं घाबरून कोथिंबीर फुकट दिली.

ढब्बू: काही वाटतच नाही गं. दात काढून आल्यावर गाल असतो ना, तसं. आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

ताई: आणि त्याच्यावर हे औषध? पाच किटं?

ढब्बू: मला किट नकोच होतं. पुस्तिका हवी होती. पहिल्या दोहोंत नव्हतीच. तिसऱ्यातली वाळवीनं खाल्लेली. चौथ्यातलीची अक्षरंसुद्धा कळेनात, कुठल्या भाषेतली होती कोण जाणे. ही मिळाली शेवटी.

ताई: आणि आपली कुठे गेली?

ढब्बू: तू रद्दीत टाकली होतीस. काढून घेतली मी. आपल्या पुस्तिकेत सहाव्या पानानंतर एकदम नववं पान आहे.

ताई: छपाईची चूक असेल.

ढब्बू: बाबाही हेच म्हणाले होते. अगदी ह्याच शब्दांत.

ताई: मग चूकच असणार. ती सुतळी दे इकडे. चारला टेम्पो येतोय आणि शनिवारी किल्ली द्यायचीय मालकाला.

ढब्बू: सातवं पान वाचून दाखवू?

ताई: नको.

ढब्बू: का?

ताई: सुतळी दे म्हटलं ना मी.

ढब्बू: ‘नियम पहिला. नाणे कधीही घासू नये. राखेने, लिंबाने, टूथपेस्टने, कशानेही नाही. नाण्यावरचा काळपट थर ही त्याच्या वयाची खूण असते. एकदा घासलेले नाणे पुन्हा पूर्वीसारखे होत नाही.’

ताई: वाचलंस? झालं समाधान?

ढब्बू: मी सगळी घासली होती, ताई. बाबा ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा. ते घरी आल्यावर त्यांना चकचकीत दिसावीत म्हणून.

ताई: ठाऊक आहे मला. आई त्यांच्यापाशी दवाखान्यात, अडवायला घरात कुणी नव्हतं. टूथपेस्टची दुसरी ट्यूब तर मीच आणून दिली तुला.

ढब्बू: आणि नाणी माझी नव्हतीच. त्यांची होती.

ताई: हो. रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेट्या उघडून नाणी काढायची, हेच काम होतं ना त्यांचं. एखादं जुनं दिसलं की खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं पेटीत टाकायचे आणि जुनं घरी आणायचे. अठरा वर्षं जमवली. तुला दहावं लागलं तेव्हा ते किट आणलं आणि सगळी तुझ्या अल्बमात बसवली. आईला म्हणाले, योग्य माणूस सापडला.

ढब्बू: दवाखान्यातून आले, अल्बम उघडला. म्हणाले, ‘अरे वा! आरशासारखी केलीस की रे!’ उचलून घेणार होते मला. टाके होते म्हणून नुसता डोक्यावर हात ठेवला.

ताई: हं.

ढब्बू: त्यांना ठाऊक होतं का?

ताई: मी टेम्पोवाल्याला फोन करते.

ढब्बू: मला एवढंच सांग. ठाऊक नसेल तर ठीक, आम्ही दोघंही अडाणी. पण असेल तर… हे बघ ना. पान फाटलेलं नाही. पट्टी लावून ब्लेडनं कापलंय.

ताई: जुनं कशाला उकरून काढतोस रे आता?

ढब्बू: एकतीस वर्षं मी ह्याला छपाईची चूक म्हणतोय.

ताई: शपथ घातली होती त्यांनी मला.

ढब्बू: कधी?

ताई: ते घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. तू शाळेत होतास. मला ताप होता म्हणून मी घरी. पाणी प्यायला उठले तर बाबा ओट्यापाशी उभे, पट्टी नि ब्लेड घेऊन. टाक्यांमुळे खाली बसवत नव्हतं. म्हटलं, काय करताय? तर म्हणाले, ढब्बूला आता चांगलं वाचता येतं ना, म्हणून.

ढब्बू: रडत होते?

ताई: छे. जिभेचं टोक बाहेर काढून कापत होते, तू स्क्रू पिळताना काढतोस तस्सं. मग त्या पानाला काडी लावली आणि मोरीत धरलं. म्हटलं, बाबा, आणि नाणी? म्हणाले, ‘गेली ती गेली. पोराचं तोंड कशाला उतरवायचं?’

ढब्बू: पण मग दर रविवारी…

ताई: हो.

ढब्बू: दर रविवारी माझ्यासोबत घासायला बसायचे गं. स्वतः फडकं घेऊन. ‘काठाशी जरा राहिलंय बघ,’ म्हणायचे. सगळं ठाऊक असून?

ताई: तीन वर्षं. तू सायकलीच्या नादाला लागेपर्यंत.

ढब्बू: मी येईनासा झालो तेव्हा काही बोलले?

ताई: नाही. एका रविवारी फडकी काढून बसले होते तासभर. मग घड्या करून ठेवून दिली.

ढब्बू: मी कुठे होतो?

ताई: तुझी चेन पडली होती. खाली हात काळे करत होतास.

ढब्बू: हं.

ताई: रडू येतंय का? येऊ दे. मी कुणाला सांगायची नाही.

ढब्बू: नाही येत अजून. गालाला मुंग्या आल्यात फक्त.

ताई: हा आपला जुना अल्बम काही टेम्पोत जात नाही, असं दिसतंय.

ढब्बू: हे बघ. परत काळी पडलीत सगळी.

ताई: एवढ्या वर्षांत पडणारच की.

ढब्बू: टूथपेस्ट आहे का गं?

ताई: अरे, आत्ताच नियम वाचलास ना?

ढब्बू: वाचला.

ताई: माझ्या बॅगेत आहे. आणते.

ढब्बू: आणि फडकी दोन आण.