कॉम्प्युटरची चूक

वृंदा : नाही पंत, चहा नको मला. आधी हे काय आहे ते सांगा.

विष्णुपंत : निळी प्रिंट आहे. खाली वर्कशॉपला जाते ती.

वृंदा : वर्कशॉपमधून आणलीये, फिटरच्या हातातून ओढून. रिअ‍ॅक्टरच्या झाकणाची. ड्रॉइंग माझं आहे, वर्कस्टेशनवर काढलेलं. पण ह्याच्यावरचं अक्षर कुणाचंय?

विष्णुपंत : अक्षरासारखं अक्षर. त्यात काय बघायचं?

वृंदा : कॉम्प्युटरला असं वळणदार अक्षर येतं? स्टोअरमागे बसतात त्या कुंदाताईंचा हात आहे हा. शेंबडं पोरही सांगेल.

विष्णुपंत : हळू बोल. काचेपलीकडे अकाउंट्सवाले बसलेत.

वृंदा : बसू देत ना! सकाळपासून अख्खी फॅक्टरी मलाच ऐकवतेय. ‘कॉम्प्युटरने घोळ घातला, कॉम्प्युटरवालीने वाट लावली.’ झाकणावर पाइपचं तोंड डावीकडे कापलंय, स्टेनलेसची प्लेट गेली भंगारात. आणि माझ्या मशीनवर तोंड उजवीकडे आहे. चला, दाखवते. या आत.

विष्णुपंत : आत चपला काढा, त्या एसीत कुडकुडा. राहू दे. माझा विश्वास आहे तुझ्यावर.

वृंदा : तुमचा विश्वास घेऊन मी काय करू? जयदेव साहेब माझा मेमो टाइप करायला देतायत. वर म्हणतात, मशीन पुण्याच्या ऑफिसला पाठवून देऊ, तिकडे शिकलेली मुलं आहेत. मग मी काय इतके दिवस शंकराच्या देवळात घंटा वाजवत होते?

विष्णुपंत : फॅक्टरी मॅनेजर आहेत ते. रागाच्या भरात बोलतात, मग विसरतात.

वृंदा : नाही विसरणार. ऑर्डर दिलेल्या पार्टीचा फोन आला तेव्हा तुम्ही समोर होतात. पाइप दुसऱ्या बाजूला घ्या म्हणाले. मी जागेवर बदल केला, चहा गार व्हायच्या आत. नवीन कागद प्लॉटरवर छापून तुमच्या टेबलावर ठेवला. मग खाली जुनं कसं गेलं?

विष्णुपंत : कुंदा जुन्यावर बसली होती. अर्धं झालं होतं तिचं.

वृंदा : अर्धं काय झालं होतं?

विष्णुपंत : ट्रेसिंग.

वृंदा : थांबा, थांबा. म्हणजे मी मशीनवर ड्रॉइंग काढायचं, प्लॉटरने छापायचं, आणि त्याच्यावर ट्रेसिंग पेपर अंथरून कुंदाताईंनी तेच्या तेच परत हाताने काढायचं?

विष्णुपंत : काढायचं नाही. गिरवायचं.

वृंदा : प्रत्येक ड्रॉइंग?

विष्णुपंत : बहुतेक.

वृंदा : मशीन आल्यापासून?

विष्णुपंत : आल्यापासूनच म्हण.

वृंदा : अरे देवा! मला तर सांगितलं होतंत, त्या स्टोअरच्या मागे बसून जुन्या ड्रॉइंगची डागडुजी करतात म्हणून. एवढं लाखांचं मशीन आणलं, पाहुणा आला की त्याला देवदर्शनासारखं दाखवता, आणि त्याने काढलेलं गिरवायला माणूस बसवलाय?

विष्णुपंत : हे बघ, प्लॉटरची रेघ ह्या अमोनियाच्या निळ्या प्रिंटला फिकी येते.

वृंदा : म्हणून मी स्वतः उल्हासनगर पाच नंबरच्या बाजारात जाऊन प्लॉटरची काळी पेनं आणली. तो शेठ ‘साईं, फॉरेन का माल है’ करत होता, तरी कागदावर ओढून बघून आणली. आणि प्लॉटरमधे डायरेक्ट ट्रेसिंग पेपर लागतो, त्यावरूनच निळी प्रिंट काढता येते, हे मी किती वेळा बोलले? तुम्ही दर वेळी स्टोअरमधून साधाच कागद काढून देता.

विष्णुपंत : वर्कशॉपवाल्यांना हाताचंच वाचायची सवय आहे.

वृंदा : फिटर आज मला म्हणाला, बाई, हाताचं द्या नायतर पायाचं द्या, पण एकच द्या.

विष्णुपंत : तो काहीही बडबडतो.

वृंदा : बस झालं पंत. मी दोन्ही कागद घेऊन वर चालले.

विष्णुपंत : वृंदा, नको जाऊस.

वृंदा : का नको?

विष्णुपंत : दार लोटून घे आधी. मशीन आलं त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, आठवतंय ना? संध्याकाळी जयदेव साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, पंत, आता ड्रॉइंग ऑफिसातली किती माणसं लागणार नाहीत ते कळवा. मी म्हटलं, कळवतो.

वृंदा : मग?

विष्णुपंत : अजून कळवतोच आहे.

वृंदा : म्हणजे कुंदाताई...

विष्णुपंत : बाकीचे ट्रेसर पांगले गं. कुणी डिस्पॅचला चिकटलं, कुणी गावी गेलं. हिला कुठे पाठवू? नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, कुळगावात दोन पोरं शाळेत. हात सोन्यासारखा, पण त्या हाताला दुसरं काही शिकवलं कुणी? तेव्हा तिच्या टेबलावर रोज काहीतरी पसरलेलं हवं. रिकामं टेबल साहेबांना पहिलं दिसतं.

वृंदा : मग मला सांगायचं होतं! बदल झाला की मी पळत जाऊन त्यांना सांगितलं असतं. ही प्लेट वाचली असती.

विष्णुपंत : तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, हा शुद्ध मूर्खपणा आहे.

वृंदा : आहेच!

विष्णुपंत : म्हणून नाही सांगितलं. तो नवा कागद मी तिच्यापर्यंत न्यायला हवा होता. टेबलावर फायली येत गेल्या आणि राहून गेला. चूक माझी.

वृंदा : वा. पुण्य तुम्ही करायचं आणि खापर माझ्या डोक्यावर. पंत, मी ठाण्याला क्लास लावून शिकले हे. फॅक्टरीला शुक्रवारची सुट्टी असताना अंबरनाथ पूर्वेहून चालत यायचे, मशीन मोकळं मिळतं म्हणून. ते पुण्याला गेलं की मी परत टायपिंगला. मेमोवालीला दुसरं कोण मशीनला हात लावू देणार?

विष्णुपंत : कळतंय मला.

वृंदा : नाही कळत! बोलले तर कुंदाताईंची नोकरी जाते, गप्प बसले तर माझं सगळं जातं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तुम्हीच खणून ठेवल्यात. मला इतका राग आलाय ना तुमचा, आणि धड भांडताही येत नाहीये.

विष्णुपंत : मी जातो वर. म्हणतो, म्हाताऱ्याच्या हातून जुना कागद खाली गेला.

वृंदा : आणि हाताचं अक्षर? विचारलं तर?

विष्णुपंत : ते कागद कधी बघतात? आकडा विचारतात आणि सही करतात.

(कुंदा दार ढकलून आत येते.)

कुंदा : स्टोअरपर्यंत ऐकू येताय दोघं. दार लावून काय उपयोग?

विष्णुपंत : काही नाही गं, कामाचं चाललंय. तू बस जागेवर. नवीन शीट पाठवतो.

कुंदा : नका पाठवू. मी वर जाऊन आले.

वृंदा : वर? जयदेव साहेबांकडे?

कुंदा : हो. म्हटलं, अक्षर माझं, कागद जुना, ह्या पोरीचा काही संबंध नाही.

विष्णुपंत : कुणी सांगितलं होतं तुला हा शहाणपणा करायला? मी इथे तुझ्यासाठी जिवाचं रान करतोय, रोज खोटं बोलतोय, आणि तू सरळ वर चढून...

कुंदा : ओरडा, ओरडा. पण मला कळत नव्हतं असं समजू नका. इतका स्वच्छ छापलेला कागद गिरवायला कोण देतं? तुम्ही बोलत नव्हतात, म्हणून मीही बोलले नाही. घरी पगार जात होता. पण आज ही बाथरूममधे तोंड धुऊन आली, डोळे लाल. माझ्या अक्षरापायी हिने का रडायचं?

वृंदा : मी रडले नव्हते.

कुंदा : बरं, नव्हतीस. तुझा मेमो फाडला त्यांनी, माझ्यादेखत. मशीनही कुठे जात नाही.

विष्णुपंत : तुझ्यावर चिडले असतील.

कुंदा : नाही हो. फक्त विचारलं, ‘आपल्याकडे ट्रेसिंग अजून चालतं?’

वृंदा : आणि मग?

कुंदा : मग म्हणाले, बसा. इतक्या वर्षांत त्या केबिनमधे मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. तेव्हाच कळलं, आता कायमचं उठायचं.