लाल दोरा बांधून मिटवलेली गोष्ट

माहं माहेर वरवट बकालचं, लग्न होऊन इकडं धामणगाव बढेच्या बाजूले आली, तईपासून वांगे, मेथी, सांभार म्हंजे तुमची कोथिंबीर लावनं आन् बाजारात इकनं, हेच करत आली. शाळा चौथीपर्यंत. बोलाले पहिल्यापासून फटकळ, सासू म्हने हिच्या तोंडाले झाकन नाई. आता तेच तोंड कामी येऊन राह्यलं.

वैशाली आमची एकुलती एक. मोताळ्याले कालेजात बसनं जाय. गावातलाच एक पोरगा, खात्यापित्या घरचा, बसच्या मांगं गाडी घेऊन जाय, फोन करे, तिनं नंबर बदलला का नवा नंबर कुठून तरी काढे. तिनं काई लपवलं नाई, लगेच मले सांगितलं. मी तिच्या बाबाले म्हनलं चला पोलिसात. ते म्हने थांब, पोरीचं नाव ठान्यात गेलं का सोयरीक येत नाई, गावातलं गावात मिटवू. मंग मंदिरात मोठे मानसं बसले, पोराचा बाप बी बसला, आन् ठरलं का वैशालीनं त्याले राखी बांधावी. काय सांगू तुमाले, आमच्याकडं असंच मिटवतेत. राखीचा सन नव्हता, दुकानात राखी भेटेना, त पुजाऱ्याच्या डब्यातला लाल दोरा आनला. वैशाली म्हने आई, मी काऊन बांधू, मले भाऊ नाई पाह्यजे, मले हा मांगं नाई पाह्यजे. मी बोलाले गेली त ते मोठे मानसं म्हने बाईमानसानं मंधात पडू नये. बांधला तिनं. मंग पेढे वाटले, त्याच्या बापानं मले लुगडं देल्लं, मी ते तिथंच पायरीवर ठेवून आली.

आन् इथंच घात झाला पाहा. आंधी तो रस्त्यावर उभा राहे, दोरा बांधल्यावर घरात याले लागला. ताई हाय का म्हने, आन् त्याले कोनी हटकेना. वैशाली म्हने आई, तो तसाच पाह्यते. लोकाईले सांगितलं त ते आमालेच म्हनत, भावावर आळ घेता का? त्या दिवशी मी बाजारात, तिचे बाबा मळ्यात. तो आला. शेजारची म्हातारी त्याले म्हने, हाय ना घरात तुही ताई, जाय. तिले बिचारीले मी काई म्हनत नाई, गावानं ठरवलं तेच ती बोल्ली. मी आली तई आंगनात गर्दी होती, माही वैशाली राह्यली नव्हती. त्याच्या पुढचं सांगत नाई, कोर्टात सांगितलं एकदा, पुरे. त्याले जन्मठेप झाली. लोक म्हने न्याय भेटला. भेटला असंन.

मी लय दिवस कोनाशी बोललीच नाई. मंग एका हळदीकुंकवाले जबरदस्तीनं नेलं मले, तिथं एक बाई सांगून राह्यली का तिच्या भाचीच्या मांगं एकजन लागला, त आता राखी बांधून मिटवनार हायेत. मी हातातलं वान खाली ठेवलं आन् तिथंच बोलाले लागली. तईपासून बंद नाई बाप्पा. भाजी तोलता तोलता बोलनं, शाळेत बोलनं, भजनाले बाया जमल्या का तिथं बी बोलनं. वैशालीचे बाबा गाडीवर नेऊन सोडतेत, बाहेर उभे राह्यतेत, अंदर येत नाईत. मी बी या म्हनत नाई.

आता परवा हिवरा आश्रमाकडच्या एका गावातून एका पोरीच्या आईचा फोन आला, मावशी लवकर या. गेली त ताट तयार, कुंकू तयार, पुढारी म्हने बरं झालं आल्या, आशीर्वाद द्या. मी म्हनलं देईन, आंधी पोरीले इचारू द्या. बाई, तुले काय पाह्यजे? ती म्हने तक्रार. म्हनलं चाल. ठान्यात साहेब म्हने, गावातच मिटवा ना. मी म्हनलं साहेब, माह्या पोरीचं गावातच मिटवलं होतं. मंग ते लिहाले बसले. पोरगी सही करून राह्यली आन् मले एकदम रडू आलं, लय रडली मी तिथं, थांबेचना. वैशालीले एवढंच पाह्यजे होतं हो. एवढंच.

तुमाले बी पोरगी हाय म्हनता. शिको, सुखात राहो. रोज तिले जपून जाय जपून जाय म्हनू नका. ती काई सांगाले आली त हातातलं काम ठेवा आन् आयका.