यतीन वैरागडे यांना मेटल डिटेक्टर निवडून दिल्याबाबत

नाव: वरदा विजय मोघे. वय: २७ वर्षे. व्यवसाय: इलेक्ट्रॉनिक्स टेस्ट इंजिनिअर, सेन्सर बनवणाऱ्या खासगी कंपनीत नोकरी. राहणार: ब्रॅकनेल, इंग्लंड. मूळ राहणार: पुणे.

मी समक्ष हजर होऊन सांगते ते असे:

मला इंग्रजी बोलता व लिहिता येते. तरीही हा जबाब मी मराठीत देत आहे, कारण ज्या बोलण्याबद्दल मला सांगायचे आहे ते सगळे मराठीत झाले आणि ते मला जसेच्या तसे नोंदवून हवे आहे. दुभाषी श्रद्धा या माझ्या शेजारी बसलेल्या आहेत. त्यांची व माझी पूर्वीची ओळख नाही.

काल, सोमवारी, ऑफिसमधून निघताना मला कोठडी अधिकाऱ्यांचा फोन आला. यतीन वैरागडे यांना अटक झाली आहे, कोणाला कळवायचे असे विचारल्यावर त्यांनी माझे नाव दिले, एवढेच मला सांगण्यात आले. अटकेचे कारण, म्हणजे शनिवारी शैला नाडकर्णी यांच्या घरी झालेली दागिन्यांची चोरी, मला नंतर त्यांच्याकडूनच समजले. मी येथे कोणी न बोलावता आले आहे. ज्या यंत्रावरून यतीनवर संशय घेतला जात आहे ते यंत्र मी निवडलेले आहे, आणि त्या यंत्राने ही चोरी होऊ शकत नाही, हे मला सांगायचे आहे.

शैला नाडकर्णी व त्यांचे पती रघुवीर नाडकर्णी हे लंडनमध्ये ईलिंग येथे राहतात. इंग्लंडमध्ये आल्यावर पहिले वर्ष मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मी त्यांना काकू आणि काका म्हणते. यतीनला त्यांच्या घरी मीच प्रथम नेले.

गेल्या शनिवारी दुपारी महाराष्ट्र मंडळाचे नाटक होते. काकूंचे त्यात काम होते. काका प्रेक्षकांत होते. मी साउंड सांभाळत होते. काकूंनी स्टेजवर खोटी तुशी आणि खोट्या पाटल्या घातल्या होत्या, कारण खऱ्या वस्तू हॉलवर न्यायच्या नाहीत असे काकांनी बजावले होते. नाटकानंतर मी त्यांच्याबरोबर ईलिंगला गेले. मागच्या दाराची काच फुटलेली होती. वरच्या मजल्यावर कोणी गेलेले दिसले नाही. कपाटे बंद होती, काकांचा लॅपटॉप जागेवर होता. फक्त स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे उघडलेले होते. पोहे, रवा आणि डाळ ओट्यावर ओतलेली होती. भाजणीच्या डब्यात काकूंचे दागिने होते, ते नव्हते. त्याच्या पुढच्या दोन डब्यांना हात लागलेला नव्हता.

काकूंनी खोट्या पाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि सांडलेले पोहे भरायला लागल्या. काहीही हलवू नका, पोलीस येतील, असे मी त्यांना सांगितले.

यंत्राबाबत. मे महिन्यात यतीनने मला मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे असे सांगितले व निवडायला मदत मागितली. बजेट चारशे पाउंड होते. मी त्याला विचारले, की शोधणार कुठे, शोधणार काय, आणि एका वेळी किती तास चालणार. तो म्हणाला, "तू काय माझा इंटरव्ह्यू घेऊन राहिली का?" मी म्हटले, "मशीन जागेप्रमाणे घ्यायचं असतं. पैशाप्रमाणे नंतर." तो म्हणाला, "सोनं शोधायचं ना बाप्पा, आणखी काय!" मी विचारले, "शेतातलं, की वाळूतलं?" त्यावर तो म्हणाला, "समुद्रावर. रविवारी. तू सोबत असशील तिथं."

हे उत्तर मी गृहीत धरले व त्याप्रमाणे निवड केली. चारशेपैकी शंभर पाउंड फावडे, हेडफोन आणि जवळून नेमकी जागा दाखवणारा छोटा पिनपॉइंटर यांसाठी बाजूला ठेवायला सांगितले. नवशिके लोक सगळे पैसे यंत्रात घालतात आणि मग हाताने वाळू उकरत बसतात. उरलेल्या तीनशेत एका फ्रीक्वेन्सीवर चालणारे नवे यंत्र मिळत होते. ते शेतात चांगले चालते. ओल्या खाऱ्या वाळूत ते उगाच वाजत राहते, कारण खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते. पल्स पद्धतीचे यंत्र खाऱ्या पाण्याला फसत नाही, पण त्याला खिळा आणि अंगठी यांतला फरक कळत नाही, शिवाय ते बजेटबाहेर होते. म्हणून एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारे, पाण्यात नेता येईल असे, वापरलेले यंत्र घ्यावे असे मी सुचवले. बोर्नमथजवळच्या एका निवृत्त गृहस्थांकडे ते मिळाले.

पैसे देण्याआधी मी ते किनाऱ्यावर तपासले. माझे कानातले काढून ओल्या वाळूत वीतभर खोल पुरले. यतीन म्हणाला, "अगं, सापडलं नाही तर?" मी म्हटले, "तर मशीन घ्यायचं नाही." ते सापडले. तो फार खूष झाला. त्याने ते कानातले समुद्राच्या पाण्यात धुऊन मला स्वतः परत दिले.

या यंत्राची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, मोठी आहे. मोकळ्या जागेत ती उपयोगी पडते. घरात ती भिंतीतल्या वायरिंगला, पाइपांना, रेडिएटरना आणि फळ्यांतल्या खिळ्यांना सारखी वाजते. घरात लपवलेले सोने शोधायला कोणी मला यंत्र विचारले असते, तर हे मी कधीच सुचवले नसते.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी किनाऱ्यावरून परतताना आम्ही काकूंकडे जेवायला थांबलो. काकांना यंत्र पाहायचे होते म्हणून यतीनने ते गाडीतून आत आणले. काकू म्हणाल्या, "काय रे यतीन, माझ्या वरदासाठी अंगठी शोधतोयस की काय वाळूत?" यतीन म्हणाला, "काकू, बजेट चारशे पाउंडांचं. त्यात मशीनही आलं आणि अंगठीही." काका म्हणाले, "मग लग्न पन्नाशीत करा!" त्यावर सगळे हसले.

मग काकूंनी मला विचारले, "अगं, चोर असलं काही घेऊन आला तर माझं काय गं? आमच्या गल्लीत दोन घरं फोडली. आपल्या लोकांकडे सोनं असतं हे त्यांना पाठ झालंय." त्यांचे दागिने तेव्हा वरच्या कपाटात कापडी पिशवीत होते. तसे त्यांनीच सांगितले. मी म्हटले, "स्टीलच्या डब्यात ठेवा काकू. मशीनला डबा ऐकू येतो, आतलं नाही. तुमचं अख्खं स्वयंपाकघरच वाजेल, त्यातून चोराला काय कळणार?" काकू म्हणाल्या, "बघा, इंजिनिअर घरात असल्याचा फायदा. उद्याच हलवते." यतीनने तेथेच यंत्र चालू करून डब्यांच्या फळीसमोर धरले. सगळे डबे वाजले. काका म्हणाले, "बंद कर रे बाबा, शेजारचे येतील."

यावरून मला सांगायचे आहे ते असे: चोराने फक्त स्टीलचे डबे उघडले. कोणताही मेटल डिटेक्टर, हा किंवा याहून महाग, माणसाला त्या डब्यापर्यंत घेऊन जाऊ शकत नाही. या चोरीत यंत्र वापरलेले नाही.

दुसरे असे, की शनिवारी हे यंत्र यतीनकडे नव्हते. त्याच्या आदल्या रविवारी कॉइलच्या केबलमध्ये पाणी गेले व ते खरखरू लागले. यतीनने ते माझ्याकडे ठेवले. मी केबल कापून पुन्हा जोडणार होते, पण लागणारा कनेक्टर सोमवारी, म्हणजे काल सकाळी आला. शनिवारी यंत्र माझ्या घरी, टेबलावर, उघडलेल्या स्थितीत होते. पोलिसांना यतीनच्या गाडीत फावडे आणि पिनपॉइंटर सापडले असतील, यंत्र सापडलेले नसणार. ते माझ्याकडून ताब्यात घ्यावे व तपासावे. शनिवारी यतीन ऑफिसात होता. सॉफ्टवेअरचा रिलीज आहे म्हणून नाटकाला येता येणार नाही, असे त्याने मला शुक्रवारी फोनवर सांगितले होते. त्याच्या ऑफिसात शिरताना कार्ड लावावे लागते, त्यामुळे हे सहज पडताळता येईल.

येथपर्यंतचा मजकूर मी स्वतःहून सांगितला. पुढील मजकूर तपास अधिकाऱ्यांनी विचारल्यावरून सांगत आहे.

यंत्र वापरले नसेल तर चोराला डबे कसे कळले, असे विचारले. माझे उत्तर: त्याला ते माहीत असले पाहिजे.

दागिने डब्यात हलवले जाणार हे कोणाकोणाला माहीत होते, असे विचारले. काकू, काका, मी आणि यतीन. काकूंनी आणखी कोणाला सांगितले का, हे त्यांना विचारावे. तपास अधिकारी म्हणाले, की ते विचारले आहे व त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही. काका-काकू शनिवारी दुपारी कोठे होते ते मी वर सांगितले आहे. मीही तेथेच होते.

शनिवारी दुपारी हे यंत्र समुद्रकिनाऱ्यावर वापरले गेले असण्याची शक्यता आहे का, असे विचारले. नाही. कॉइल जोडलेली नसताना यंत्र चालत नाही.

हा प्रश्न का, असे मी विचारले. तपास अधिकाऱ्यांनी सांगितले, की यतीन वैरागडे यांच्या म्हणण्यानुसार ते शनिवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकटे किनाऱ्यावर होते व सोबत हे यंत्र होते. त्यांनी असेही सांगितले आहे, की मशीन ते घेऊन गेले होते हे वरदाला माहीत आहे, ती सांगेल.

मी दुभाषींना हे वाक्य पुन्हा सांगण्यास सांगितले. त्यांनी ते पुन्हा सांगितले.

यंत्र दुरुस्तीला देण्याच्या वारात माझी काही चूक होत आहे का, असे विचारले. नाही. शनिवारी सकाळी हॉलवर निघण्यापूर्वी मला टेबलावर माइकच्या वायरी तपासायच्या होत्या, तेव्हा मी यंत्राचे भाग बाजूला सरकवून जागा केली.

यतीनकडे माझ्या घराची दुसरी किल्ली आहे का, तो माझ्या गैरहजेरीत यंत्र घेऊन जाऊ शकला असता का, असे विचारले. किल्ली आहे. तो आत येऊ शकला असता. परंतु कॉइलची केबल मी शुक्रवारी कापली होती. ही गोष्ट मी त्याला सांगितलेली नव्हती.

त्याने किनाऱ्याचे का सांगितले असावे, असे विचारले. याबद्दल मला माहिती नाही.

यतीनशी माझे काय नाते आहे हे जबाबात कोठेही आलेले नाही, असे तपास अधिकाऱ्यांनी लक्षात आणून दिले. जानेवारीत नोंदणी पद्धतीने आमचे लग्न ठरले आहे. त्याच्या आईंनी नागपूरहून तिकीट काढले आहे.

या नात्यामुळे वरील मजकुरात काही बदल करायचा आहे का, किंवा थांबून पुन्हा विचार करायचा आहे का, असे विचारले. बदल करायचा नाही. गरज पडल्यास मी कोर्टात हेच सांगेन.

यात जाणूनबुजून खोटे काही सांगितले तर माझ्यावर खटला होऊ शकतो, हे मला समजावून सांगितले आहे व मला ते समजले आहे. जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो आणखी एकदा वाचावा अशी मी विनंती केली, म्हणून पुन्हा वाचला. दोन्ही वेळा तो बरोबर होता.

सही: वरदा वि. मोघे