त्या लग्नात एसी का बंद होता

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, जामबागच्या शाळेत आमच्या दोन पिढ्यांना शुद्ध मराठी शिकवण्याचा ज्यांनी शेवटपर्यंत प्रयत्न केला ते आदरणीय माधवराव परळीकर सर. नुसतं बसून राहायची सवय नसल्यामुळे मघापासून खुर्चीत चुळबुळ करणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती पद्मावतीबाई उमरीकर. त्यांचे यजमान विनयराव. लातूरहून मुद्दाम आलेले माझे व्याही अरविंदराव. मंडळाचे पदाधिकारी, आणि सिकंदराबादच्या ट्रॅफिकमधून वाट काढत इथे बरकतपुऱ्याला पोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना हिम्मतराव बिरादारचा नमस्कार.

व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी आहे. ती प्राजक्ताताईंची. उद्यापासून वीज नियंत्रण कक्षात बाईंची जागा त्या घेणार आहेत, आणि आज ड्यूटीवर असल्यामुळे येऊ शकल्या नाहीत. माझं नाव पुकारलं तेव्हा मी फोनवर बोलत होतो, मग अध्यक्षांच्या कानाशी काही पुटपुटलो आणि हॉलचं बघणाऱ्या ओंकारला हातानं खूण केली, हे आपण सर्वांनी पाहिलं. सत्काराच्या वेळी हे शोभत नाही, मला कळतं. कारण सांगणार आहे, थोडा धीर धरा.

बाई सदतीस वर्षं नोकरीत होत्या, पण त्या नेमकं काय करतात हे आपल्या मंडळात किती जणांना ठाऊक होतं? कुणाच्या घरची लाइट गेली की फोन बाईंना. फ्यूज बदलायला माणूस पाठवा म्हणून. बाई बिचाऱ्या नम्रपणे सांगायच्या, मी बघते कुणाला सांगता येतं का. अहो, ज्या बाईंच्या हातात सबंध शहराची वीज, त्यांना आपण फ्यूजसाठी उठवत होतो.

मी बर्फवाला माणूस. आमचं घराणं भालकीकडचं, शेतीवाडीचं; वडील शहरात आले आणि सिकंदराबादला बर्फाचा कारखाना घातला. मला बाईंनीच एकदा सोप्या भाषेत समजावलं. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक आकडा सारखा दिसत असतो, पन्नास. शहराला जेवढी वीज लागते तेवढीच त्या क्षणाला तयार झाली की आकडा जागेवर राहतो. मागणी वाढली की तो पन्नासाच्या खाली घसरतो. फार घसरला की यंत्रं स्वतःला वाचवायला एकामागून एक बंद पडतात, आणि मग सगळं शहर ठप्प. म्हणून पूर्वी काय करायचे, आकडा घसरला की एखाद्या मोहल्ल्याची वीज सरळ तोडायचे. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही.

बाईंना ते बघवत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की विचारून तर बघा. बर्फाचा कारखाना, शीतगृह, मोठ्या दुकानांचे एसी, हे अर्धा तास थांबले तर कुणाचं काही बिघडत नाही. त्यांच्याशी आधी करार करा, गरज पडली की फोन करा, दहा मिनिटांत त्यांनी वीज कमी करायची. त्या बदल्यात बिलात सूट. वरचे साहेब हसले. म्हणाले, उमरीकर मॅडम, हैदराबादचा माणूस फोन केल्यावर स्वतःचा कारखाना बंद करेल? एका उन्हाळ्यापुरती परवानगी दिली आणि बजावलं, की पहिल्याच खऱ्या फोनला लोकांनी दगा दिला तर योजना गुंडाळायची आणि पुन्हा मोहल्ले तोडायचे. बाईंनी मान्य केलं. त्यांचा शब्द आमच्यासारख्यांच्या भरवशावर होता.

आणि आमच्यासारखे म्हणजे कोण, तर हा हिम्मतराव.

योजनेत मी पहिल्या दिवशी नाव घातलं. तुम्ही किती वीज कमी केली हे कसं मोजायचं? आधीच्या पाच दिवसांत त्याच वेळेला तुम्ही किती वापरत होता, ते बघून. एप्रिलमध्ये पत्र आलं, की येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता चाचणी आहे. मी पत्र वाचलं आणि माझं डोकं चालू लागलं. सोमवारपासून दुपारी कारखान्यातले सगळे कॉम्प्रेसर मी एकदम चालवायला लावले. वडिलांच्या काळातला एक भंगारात काढायचा होता, तोसुद्धा. आमचा फोरमन शिवराज, कामाला वाघ, त्यानं दोन दिवस सगळे कॉम्प्रेसर चालवले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सेठ, बरफ तो जम गया. अब क्या हवा जमारें?"

मी त्याला म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही.

शनिवारी फोन आला, मी सगळं बंद केलं, आणि कागदावर माझी बचत साडेतीनशे किलोवॅट झाली. कारखान्याची खरी भूक अडीचशेची. यादीत माझा पहिला नंबर. मी उस्मानिया बिस्किटांचा डबा घेऊन बाईंच्या ऑफिसात अभिनंदन करून घ्यायला गेलो. बाईंनी चहा मागवला आणि एवढंच विचारलं, की या आठवड्यात बर्फ किती विकला. मी म्हटलं, नेहमीएवढाच. तोंडातून निघून गेलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बिस्किट चहात बुडवत म्हणाल्या, "हिम्मतराव, मे महिन्यात मी खरोखर फोन करीन. तेव्हा तुमचे साडेतीनशे निघाले नाहीत, तर उरलेले शंभर मला कुणाच्या तरी घरातून काढावे लागतील. कुणाच्या ते तुम्ही सांगाल का?"

मी चहा अर्धा टाकून उठलो. चूक कबूल करायला जीभ उचलली नाही, कारण पहिला नंबर सगळ्या नातेवाइकांना सांगून झाला होता.

आता मे महिन्याकडे येतो. अरविंदराव, जरा सावरून बसा.

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मंडळाच्या याच हॉलमध्ये माझ्या रेणूचं लग्न झालं. आपल्यापैकी निम्मे लोक त्या लग्नाला होते. लग्न लातूरला कशामुळे गाजलं? जेवणामुळे नाही. हॉलचा एसी ऐन मुहूर्ताला बंद पडला म्हणून गाजलं. माझे व्याही सात वर्षं प्रत्येक दिवाळीला फोन करून विचारतात, काय हिम्मतराव, एसी दुरुस्त झाला का? आणि बोलणी कुणी खाल्ली? तेव्हाही मंडळाचे अध्यक्ष असलेल्या आपल्या परळीकर सरांनी. सरांनी मेकॅनिक बोलावून सगळी यंत्रं तपासून घेतली. तो म्हणाला, काही बिघाड नाही. सरांनी तो मेकॅनिकच बदलला.

सर, तो मेकॅनिक खरं बोलत होता. एसी बिघडला नव्हता. मी बंद केला होता.

मुहूर्त होता तीन वाजून दहा मिनिटांचा. पावणेतीनला मी फेटा बांधून दारात उभा, आणि खिशात फोन वाजला. पलीकडे बाई. वादळात कुठेतरी मोठी लाइन तुटली होती, आकडा घसरत होता. त्यांनी लग्नाचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, "हिम्मतराव, दहा मिनिटं." बस. शिवराजला फोन केला, कारखाना थांबला. अडीचशे गेले. उरले शंभर, जे फक्त कागदावर होते. मी घामाघूम होऊन या हॉलच्या छताकडे बघितलं आणि हिशेब जमला. इथले एसी साधारण शंभराचेच. हॉलचा मीटर योजनेत नव्हता, सूट मिळणार नव्हती. पण मी जे शंभर कागदावर खोटे दाखवले होते, तेवढेच इथे डोक्यावर गारेगार चालू होते.

वरपक्षाचे तीनशे लोक बसलेले. मी रेणूच्या खोलीत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरीपुढे सगळं कबूल केलं. एप्रिल, कॉम्प्रेसर, पहिला नंबर, सगळं. तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "बाबा, बंद करा. अंतरपाट धरायला वीज लागत नाही."

बंद केला. माईक आणि दिवे जनरेटरवर ठेवले आणि सगळ्यांना सांगितलं, एसी बिघडला. पत्रिकांचे पंखे झाले. तिसऱ्या मंगलाष्टकाला शिवराज टेम्पो घेऊन आला. कारखाना बंद, तर रिकामा बसून काय करू, असं म्हणत त्यानं बर्फाच्या चाळीस लाद्या परातींत घालून हॉलभर उभ्या केल्या. पोरं लाद्यांना चिकटली, मग बायका, आणि शेवटी अरविंदराव स्वतः एका लादीवर हात ठेवून वधूवरांवर अक्षता टाकत होते. तो फोटो माझ्याकडे आहे. खरं सांगतो, इतका हसरा लग्नमंडप मी पुन्हा पाहिला नाही.

संध्याकाळी बाई ड्यूटी संपवून रेणूला आशीर्वाद द्यायला आल्या. शहरात एकही मोहल्ला तुटला नव्हता. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "मी तुमचे अडीचशेच धरले होते, हिम्मतराव. पण योजनेतल्या दोघांनी फोनच उचलला नाही. तुमचे शंभर तिथे कामी आले." मी चिडून म्हटलं, अडीचशेच धरले होते तर मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही एसी बंद केला असता का?"



योजना टिकली. पुढच्या वर्षी नियम बदलला. चाचणीचं पत्र गेल्यानंतरचे दिवस आता मोजणीत धरत नाहीत, आणि माल तेवढाच असताना वीज जास्त दिसली तर विचारणा होते. प्राजक्ताताई सांगतात, कागदावर त्याला लांबलचक नाव आहे, पण कक्षात सगळे त्याला बिरादार नियम म्हणतात. माझ्या वडिलांची फार इच्छा होती, की सरकारदरबारी घराण्याचं नाव लागावं. ते असं लागलं.

बाई, तुम्ही मला चोर म्हटलं नाहीत. चहा दिलात आणि वाट बघितलीत. मी तुमचा फार ऋणी आहे, आणि हे चार लोकांत सांगायला मला सात वर्षं लागली याची लाज वाटते. परळीकर सर, भर सभेत आपली माफी मागतो. अरविंदराव, आपलीही. दिवाळीचा फोन मात्र बंद करू नका.

आता सुरुवातीच्या त्या फोनचं सांगतो. तो प्राजक्ताताईंचा होता. आकडा थोडा घसरलाय, अर्धा तास द्याल का, असं विचारत होत्या. शिवराजनं कारखाना थांबवला. मी अध्यक्षांची परवानगी घेतली आणि ओंकारला खूण केली. गेला पाव तास या हॉलचा एसी बंद आहे. बाईंनी शिकवल्याप्रमाणे हॉल दुपारपासूनच गार करून ठेवला होता, म्हणून कुणाला कळलं नाही. फक्त एका व्यक्तीला कळलं. त्या मघापासून माझ्याकडे न बघता छताकडे बघून हसत आहेत.

बाई, आज फोन तुम्ही केला नाहीत, तरी आम्ही उचलला. उद्याही उचलू. तुम्ही निवांत घरी बसा, आणि कुणी फ्यूजसाठी फोन केला तर माझा नंबर द्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मंडळानं मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि शेवटच्या रांगेत कुणाला घाम आला असेल, तर जरा दाराकडे बघा. शिवराज आलेला आहे, आणि परातीत लादी आहे.

नमस्कार.