माझा मासा मी धरणार

...आणि वर मलाच हट्टी म्हणतात. तुम्हाला सांगतो, हट्ट नव्हताच तो, तत्त्व होतं! सासूबाई घरभर पाहुण्यांसमोर म्हणाल्या ना, "आमच्या जावईबापूंना पाल हाकलता येत नाही, ते मासा काय धरणार?" तेव्हाच ठरवलं, माझा मासा मी धरणार. स्वतःच्या हातांनी.

म्हणून खाडीत होडी ठरवली, गाइडसकट. मी, बायको आणि सासूबाई. आणि या गाइडची पद्धत काय असावी? आमिष तो लावणार, गळ तो टाकणार, मासा लागला की झटका तो देणार, आणि मग काठी तुमच्या हातात कोंबून "ओढा साहेब, हसा साहेब", की झाला फोटो. अहो, मग मी केलं काय? नुसता हसलो? हसायला घर काय वाईट आहे? म्हटलं, "दादा, तुम्ही होडी सांभाळा. माझा मासा मी धरणार."

पहिल्या फेकीत गळ काठावरच्या झाडात, दुसऱ्या फेकीत माझ्याच टोपीत, टोपी पाण्यात. गाइड नुसता खोकला... पण खोकण्यातही टोमणा असतो हो.

तिकडे सासूबाई निवांत डुलक्या घेतायत, गाइड म्हणतो "ओढा आजी", आजींनी ओढला, मासा! आता त्या होडीच्या फळीवर मापाची रेघ होती, रेघेहून आखूड मासा परत पाण्यात सोडायचा. हा नखभर आखूड. गाइड म्हणाला, "शेपूट जरा ताणली तर बसतोय." म्हटलं, "अजिबात नाही. नियम म्हणजे नियम." जळत होतो का मी? जळत होतो. पण नियम खरा होता की नाही? सासूबाईंनी मुकाट्याने सोडला. मुकाट्याने... तिथेच मी घाबरायला हवं होतं. आणि पुढचा त्यांना असा लागला की शेपूट फळीबाहेर!

परत निघायची वेळ झाली, आणि माझ्या दोरीला हिसका. "कुणी हात लावू नका!" होडी कलली, गुडघा फुटला, पण आणला वर. माझा मासा. फळीवर ठेवला... नखभर आखूड. मी हळूच म्हटलं, "शेपूट जरा ताणली तर..." गाइड आभाळ बघायला लागला. सासूबाईंनी चष्मा पुसला, घातला, वाकून बघितलं.

"जावईबापू, नियम म्हणजे नियम."

"निदान फोटो तरी काढ गं," बायकोला म्हटलं. "अहो, आईच्या फोटोंतच बॅटरी संपली."

सोडला. स्वतःच्या हातांनी.

रात्री ताटात कुणाचा मासा? सासूबाईंचा. खाणार नव्हतो, पण वास सुटला होता, खाल्ला. तर त्या अगदी मायेने विचारतात, "काटे काढून देऊ का?" मी ताट पुढ्यात ओढलं. म्हटलं, "राहू द्या आई. माझे काटे मी काढणार."

काढले की. एकच राहिलाय, इथे, घशात... नको, हात नका लावू. माझा आहे तो.