कपाटामागची खिडकी

(क्षणभर डोळे मिटा बरं. अशी एक खोली मनात आणा, जिथला दिवा कित्येक वर्षं लागलेला नाही. खोलीत एक पलंग आणि एक अवजड लाकडी कपाट. पलंगावर आजोबा बसलेत. त्यांना दिसत नाही. दारात त्यांची नऊ वर्षांची नात उभी आहे, तिला घरात सगळे मुंगी म्हणतात. आणि घरं विकून देणारी एक बाई हातात बॅटरी घेऊन छताकडे बघते आहे. दिसलं सगळं? आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?)

एजंटबाई : हा बल्ब गेला कधी?

आजोबा : गेलाय?

मुंगी : मी तर तो लागलेला कधी बघितलाच नाही.

आजोबा : मला कुणी बोललं नाही.

एजंटबाई : तुम्हाला कशाला बोलतील, काका? तुमचं त्याच्यावाचून काही अडत नाही. पण घर बघायला येणाऱ्यांचं अडतं. सात महिन्यांत सव्वीस माणसं आणली मी. बाहेरची खोली आवडते, स्वयंपाकघर आवडतं, आणि या दारात आले की पाय थबकतात. परवाच्या त्या बाई तर किंचाळल्याच.

मुंगी : आजोबा आतून म्हणाले, 'या, बसा.'

आजोबा : आल्यागेल्याला दुसरं काय म्हणायचं?

एजंटबाई : म्हणा की, पण दिवा लावून म्हणा. अंधारातून कुणी 'या, बसा' म्हटलं तर माणूस बसेल की पळेल? जिन्यात मला विचारत होत्या, मागच्या खोलीत काय लपवलंय म्हणून.

मुंगी : पण बाबांनी भाव कमी केलाय ना? मग आता कुणीतरी घेईल.

एजंटबाई : इकडे ये. खिडकीतून, म्हणजे बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून, रस्ता बघतेस ना? 'घर विकणे आहे' अशा पाट्या किती आहेत?

मुंगी : चार. आपली धरून पाच.

एजंटबाई : आणि घेणारा एक. मग तो काय करणार? पाची घरं सावकाश बघणार. त्याला घाई नाही, घाई आपल्याला. एखादं घर नको म्हणायला त्याला एक कारण पुरतं. गळका नळ, करकरणारं दार, काहीही. तुझे बाबा सहा महिने शेजाऱ्यांच्या भावाला चिकटून बसले होते. अगं, शेजाऱ्यांचं घर विकलं गेलं दोन वर्षांपूर्वी. तो भाव तेव्हाचा. आता कुठे त्यांना पटलंय. पण नुसता भाव उतरवून भागत नाही. आलेल्या माणसाला वाटलं पाहिजे, की आपण इथे राहू शकू. या खोलीत कुणाला तसं वाटेल?

आजोबा : मी अकरा वर्षं राहतोय.

एजंटबाई : तुमचं वेगळं आहे, काका.

आजोबा : ते सगळेच सांगतात.

एजंटबाई : लागलं का मनाला? माझी जीभ जरा पुढे धावते. बरं, मी आज बल्बसाठी आलेली नाही. काल घराचा नकाशा काढून बसले होते. नकाशात या खोलीला खिडकी आहे. चांगली रुंद, दोन झडपांची.

मुंगी : इथे? इथे कुठे खिडकी?

एजंटबाई : कपाटाच्या कडेला बघ. भिंतीला डोळा लाव. बारीक रेघ दिसते?

मुंगी : पिवळी. अरेच्चा, ऊन आहे ते! मागच्या बाजूने एक बंद खिडकी दिसते, मला वाटायचं ती जिन्याची आहे.

एजंटबाई : तुझ्या बाबांना सकाळी फोन केला. आधी आठवेचना त्यांना. मग म्हणाले, वडिलांच्या खोलीतलं काही हलवायचं नाही असा घरचा नियम आहे. नियम इतका अंगवळणी पडला की त्यामागची खिडकीच विसरले. असं घर मी तरी बघितलं नव्हतं.

मुंगी : हो, आमच्याकडे खुर्चीसुद्धा सरकवायची नाही. मी एकदा बादली वाटेत ठेवली होती तर आईने मला पाढे लिहायला लावले.

आजोबा : पलंगापासून कपाट चार पावलं. कपाटाच्या कोपऱ्याला हात लावून वळायचं, तिथून दार सहा. दारापासून मोरी नऊ. जन्मभर मोजणीखात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, बाई. शेवटी एवढीच जमीन राहिली.

एजंटबाई : समजतंय मला. पण उद्या दहा वाजता एक जोडपं येतंय. शिक्षक आहेत दोघं. पाच घरांतली तीन बघून झालीत त्यांची. त्यांच्याआधी हे कपाट तिकडच्या भिंतीला गेलं, झडपा उघडल्या, काचा पुसल्या, तर ही घरातली सगळ्यात चांगली खोली आहे. खरं सांगते, याच्यापेक्षा स्वस्त आणि मस्त डागडुजी नाही.

आजोबा : आणि मी? घर विकेपर्यंत मला कुठल्या भिंतीला लावणार?

एजंटबाई : काका...

आजोबा : नाही, विचारून ठेवलेलं बरं.

मुंगी : आजोबा, ही खिडकी तुम्हाला माहीत होती?

आजोबा : हो.

मुंगी : आधीपासून?

आजोबा : कपाट मीच तिथे लावून घेतलं. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. नजर एकदम गेली नाही माझी. आधी कडा गेल्या, मग माणसांचे चेहरे गेले. शेवटी या खिडकीचा तेवढा एक पांढरा डाग दिसायचा. रोज सकाळी उठलो की तो आदल्या दिवसापेक्षा लहान. मोजायची सवय वाईट. मला तो मोजत बसायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, लावा तिथे कपाट.

एजंटबाई : मला कुणी बोललं नाही हे.

मुंगी : पण आजोबा, ती माणसं यायची ना, सव्वीस. दारातून म्हणायची, खोली अंधारी आहे. आम्ही सगळे ऐकायचो.

आजोबा : मीही ऐकायचो.

मुंगी : मग सांगितलं का नाही?

एजंटबाई : मुंगी, जरा पाणी आणतेस का काकांना?

आजोबा : राहू द्या, बाई. तिला विचारू द्या. तिचा हक्क आहे.

मुंगी : आई तिकडे, नव्या गावी, एकटी राहते. नोकरीला जाते आणि एका खोलीत राहते. फक्त रविवारी येते. संध्याकाळी परत जाते तेव्हा मी गच्चीत जाते, कारण मला ती जाताना बघायची नसते. हे विकून आपण तिकडे जे घर घेणार आहोत, त्याचे मालक म्हणालेत की या महिनाअखेरपर्यंतच थांबतील. आणि माझी शाळा वीस दिवसांनी सुरू होणार, ती इथली की तिथली तेसुद्धा कुणाला माहीत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?

आजोबा : तर कदाचित तू आज आईजवळ असतीस.

मुंगी : मग?

आजोबा : मग काय सांगू? भ्यालो, मुंगे.

मुंगी : तुम्ही?

आजोबा : या घरात मला दिसतं. चहाचा डबा कुठे, तुझं दप्तर कुठे, तुझे बाबा कुठल्या पायरीवर दमून थांबतात, सगळं दिसतं. तिकडे गेलो की मी खरा आंधळा होणार. कुणीतरी हाताला धरून खुर्चीत नेऊन बसवणार आणि मी तिथे बसणार, पुन्हा कुणी उचलेपर्यंत. रोज ठरवायचो, आज सांगू. मग कुणीतरी म्हणायचं, अंधारी खोली आहे, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. चांगलं केलं नाही मी. तुझ्या आईशी तर नाहीच नाही.

एजंटबाई : काका, दोन गिऱ्हाइकं अजून आहेत माझ्याकडे. कपाट राहू दे हवं तर. बल्ब लावू आणि बघू.

आजोबा : नको. ढकला ते.

एजंटबाई : नक्की?

आजोबा : मन बदलायच्या आत ढकला. वरच्या कप्प्यात काचेची बरणी आहे, ती आधी काढा. मुंगे, तू खालून लाव जोर.

मुंगी : हलत नाहीये.

एजंटबाई : अकरा वर्षं एका जागी बसलंय, रुसणारच. एक, दोन... हां. अजून थोडं. झडपेची कडी कुठे आहे, काका?

आजोबा : खाली, डावीकडे. वर उचलून मग ओढायची.

मुंगी : उघडली! आजोबा, केवढा उजेड. जमिनीवर कपाटाची अख्खी चौकट उमटलीय धुळीची.

आजोबा : बाहेर काय दिसतं? समोर एक झाड होतं. वाकडं, डावीकडे झुकलेलं.

मुंगी : झाड नाहीये. पाण्याची टाकी आहे. टाकीवर कुणीतरी सतरंजी वाळत घातलीय.

आजोबा : टाकी का. बरं.

एजंटबाई : काका, उठू नका, थांबा... लागलं?

आजोबा : काही नाही. कपाटच आहे. आता ते इथे आलंय हे डोक्यात शिरायला गुडघ्याला थोडं सांगावं लागेल.

एजंटबाई : इकडे बसा. हे बघा, उद्या ती दोघं येतील तेव्हा तुम्ही आणि मुंगी फिरायला जा. मालक मागे मागे फिरला की बघणाऱ्याला मोकळं बोलता येत नाही. त्यांनी खिडकीचं काही विचारलं, तर जे आहे तेच सांगेन, लपवणार नाही. आणि विकलं जाईलच असं वचन मी देत नाही. बाजार थंड आहे. पण उद्या नाही म्हणाले तर ते अंधारी खोली म्हणून म्हणणार नाहीत, एवढं खरं.

आजोबा : या तुम्ही, बाई. जाताना दार ओढून घ्या. आणि बल्बही आणा एक, संध्याकाळी कुणी आलं तर.

एजंटबाई : आणते. मुंगी, काकांकडे लक्ष दे.

आजोबा : गेल्या?

मुंगी : गेल्या.

आजोबा : रागावलीयस?

मुंगी : हो.

आजोबा : बरोबर आहे. किती दिवस रागावणार?

मुंगी : अजून ठरवलं नाही.

आजोबा : मग सावकाश ठरव. कुठे निघालीस? मुंगे? हा आवाज कसला? माझ्या चपला का घातल्यास?

मुंगी : माझी पावलं लहान आहेत. ती धरून तुमचा हिशोब चुकेल.

आजोबा : कसला हिशोब?

मुंगी : बोलू नका ना. डोळे मिटलेत मी. पलंगापासून... तीन, चार, पाच. इथे कपाट, नव्या जागेवरचं. हात लावून वळायचं. एक, दोन, तीन... आई गं.

आजोबा : काय झालं?

मुंगी : काही नाही, उंबरा. चार. दार आहे चारवर. जवळ आलंय, आजोबा. पूर्वी सहा होतं.

आजोबा : परत एकदा मोज. मोजणी दोनदा करायची असते.

मुंगी : करते. आणि रविवारी आईबरोबर मी तिकडे जाऊन येणार आहे, तिकडच्या घरात. तुमच्या या चपला मला द्या.

आजोबा : आणि मी काय करू?

मुंगी : तुम्ही फोनजवळ बसा. मी तिकडून पावलांचे आकडे सांगेन, ते पाठ करा.