सोमवारपासून न हललेला आकडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले संचालकसाहेब, मंचावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या चाचणी विभागाच्या बाई, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात माझं भागत नाही, हे तुम्ही जाणताच. गावोगाव फिरून आपलं टूलकिट लोकांना बसवून देणारा मी माणूस. माझं बूड एका जागी टेकत नाही, तसं बोलणंही.

पाहुण्यांसाठी सांगतो. टूलकिट म्हणजे वेबपानांचे तयार सुटे भाग. बटणं, तक्ते, आकड्यांच्या चौकटी. लोक ते जोडून आपापली पानं बनवतात. आपण इथे एक भाग बदलला की तो सगळीकडे एकदम बदलतो. नव्याकोऱ्या ब्राउझरवर आणि बारा वर्षं कुणी हात न लावलेल्या ब्राउझरवरही. म्हणून बाईंनी फडताळात तेवीस जुनी यंत्रं ठेवली होती. नवी आवृत्ती सोडण्याआधी प्रत्येकावर स्वतः पान उघडायच्या, आणि उघडलं तरी पाच मिनिटं नुसत्या बघत बसायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, उघडलं की पान! आता काय अंडी उबवताय?" म्हणाल्या, "उघडलंय रे. जिवंत आहे का ते बघतेय."

ते फडताळ आज रिकामं आहे. यंत्रं मागच्या दाराशी रचून ठेवलीत, भंगारवाल्याची वाट बघत.

साहेब आत्ताच म्हणाले आणि टाळ्याही पडल्या, की जुन्या ब्राउझरवर आपला वापर शून्य निघाला, म्हणून सोमवारच्या नव्या आवृत्तीतून त्यांच्यासाठीची सोय काढून टाकली. आज शनिवार, एकही तक्रार नाही. खरंय. एरवी नवी आवृत्ती गेली की बाईंचा फोन दिवसभर खणखणायचा. या वेळी एकदाही नाही. इतकी शांतता मला, का कोण जाणे, मानवत नाही.

असो, भरकटलो. कौतुकाचंच सांगतो. परवा मी बहिणीकडे मुक्कामाला होतो. आमचे दाजी पंपघरात असतात. गावाच्या पाण्यात क्लोरीन किती ते पडद्यावर बघायचं आणि झडप कमीजास्त करायची. पडद्यावरचं पान आपल्याच टूलकिटचं, यंत्र मात्र दाजींच्या लग्नाआधीचं. मला बघून म्हणाले, "या मेव्हणे! तुमच्या कंपनीनं पहिल्यांदा काहीतरी धड केलं हां! आधी आकडा दिवसभर उड्या मारायचा. सोमवारपासून जागचा हलला नाही. झडपेला हात लावावा लागत नाही!" मला आभाळ ठेंगणं झालं.

काय बाई? बाई विचारताहेत, आकडा किती होता. पॉइंट सहा. संध्याकाळी डबा द्यायला गेलो, तेव्हा? तेव्हाही पॉइंट सहाच. काल सकाळी निघताना...

थांबा जरा.

साहेब, बाई आता तुम्हाला विचारताहेत. वापर मोजणारा भाग जुन्या ब्राउझरवर चालतो का? मोजणीवाल्या मित्रा, खाली बघू नकोस, बोल. नाही चालत. म्हणजे माणसं होती, मोजणाऱ्यालाच ती दिसत नव्हती. आणि तक्रारीचा अर्ज? तोही आपल्याच टूलकिटचा, तोही तिथे उघडणार नाही. फोन तरी कोण करील? पान पांढरं पडलं असतं तर केला असता. पान दिसतंय छान. साठवलेला सोमवारचा आकडा दाखवत बसलंय.

आणि दाजी तो बघून आजचं पाणी सोडताहेत.

सकाळी ताईचा निरोप होता, धाकटीला रात्रीपासून उलट्या होताहेत, शेजारच्या दोघांनाही. मी लिहिलं, अरबटचरबट खाल्लं असेल.

साहेब म्हणताहेत, कार्यक्रम आटोपल्यावर बघू. साहेब, हात जोडतो. जुनी आवृत्ती परत चढवायचा अधिकार या सभागृहात फक्त तुम्हाला आहे. उठलात, उपकार झाले. पण तेवढ्यानं भागत नाही. ती पानं तिथे कुणीतरी बंद करून पुन्हा उघडायला हवीत. बाईंनी त्यांची वही काढलीय. आजवर ज्यांनी ज्यांनी फोन केले त्यांचे नंबर आहेत. वहीची पानं फाडून देताहेत, एकेक घ्या. दाजींना मी सांगतो.

वहीत नसलेल्यांचं काय, ते मला ठाऊक नाही. हे एक पंपघर कळलं, कारण त्या गावात माझी बहीण दिलीय. बाकीच्या गावांत माझी बहीण नाही.

बाई, आयोजक, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या सभेत हे शोभलं नसेल, तर मला नंतर बोल लावा. आधी फोन लावा.